कोलोनच्या फलाटावर तीन तास

जळगाव,
२२ ऑगस्ट

चि. सोनू,


तुझा व्हिसा आल्याचा ताईचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. लूमच्या खडखडाटात मला आधी काही ऐकूच येईना. बाहेर येऊन नीट ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आलं. आपल्या घरातली पहिली मुलगी शिकायला जर्मनीला निघाली, तीही आखेनच्या विद्यापीठात. बोलता बोलता ताई म्हणाली, "तिची मैत्रीण गुड्डी सोबत आहे, म्हणून मला चिंता नाही." त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे. मी निघालो तेव्हा माझी आईही असंच म्हणाली होती, "दोन्ही संगे शेतस ना, मंग काय काळजी?"

तुला अर्धवट माहीत असेल, आज पुरतं सांगतो. ऑक्टोबर १९९५ मध्ये मी आणि माझा मित्र ड्युसेलडॉर्फला गेलो होतो. तिथे दर तीन वर्षांनी प्लास्टिक उद्योगाचं मोठं प्रदर्शन भरतं. जळगावच्या एमआयडीसीत तेव्हा चटईचे कारखाने वाढत होते. आम्ही दोघांनी भागीदारीत एक जुना एक्स्ट्रूडर घेतला होता आणि नवं मशीन निदान डोळ्यांनी तरी बघावं, या हौसेने निघालो होतो. मार्क चोवीस रुपयांच्या आसपास होता. एकेक कॉफी घेतानाही हिशेब करायचो.

फ्रँकफर्टला उतरून रेल्वेने जायचं होतं. ऱ्हाइनच्या काठाकाठाने कोलोनपर्यंत आलो. तिथे गाडी बदलायची. फलाटावर गाडी उभी होती. मित्र दोन्ही बॅगा घेऊन चढला. हीच गाडी ना, एवढं विचारायला मी चार पावलं मागे गेलो, तेवढ्यात दारं बंद झाली. काचेतून त्याचा चेहरा दिसला, हात हलवत होता. थांब म्हणतोय की पुढच्या गाडीने ये म्हणतोय, ते कळलं नाही. दोघांची तिकिटं माझ्या खिशात. पैसे आणि राहण्याचा पत्ता त्याच्या पाकिटात.

मी ठरवलं, तो परत येईल, आपण हलायचं नाही. त्याने ठरवलं, मी पुढच्या गाडीने येईन, आपण ड्युसेलडॉर्फच्या फलाटावरून हलायचं नाही. जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर, आणि आम्ही दोघं तीन तास आपापल्या जागी खांबासारखे उभे! मोबाइल नव्हता. कोलोनचं भलंमोठं चर्च स्टेशनाला अगदी चिकटून आहे. त्याचे दोन काळे मनोरे मी त्या तीन तासांत इतक्यांदा पाहिले, की आजही डोळे मिटले तर दिसतात. शेवटी तोच परत आला. गळ्यात पडायचं सोडून आम्ही भर फलाटावर भांडलो. पुढचे दोन दिवस एका खोलीत राहून एकमेकांशी बोललो नाही. प्रदर्शनाचे हॉलही वेगवेगळे फिरलो, आणि ज्या मशीनसाठी इतक्या लांब गेलो होतो, त्याची नीट चौकशी दोघांनीही केली नाही.

इतक्या वर्षांनी त्यातलं मला एकच कळलं आहे. एकटा माणूस पाटी वाचतो, घड्याळ बघतो, खिसा चाचपतो. दोघं असले की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने बघितलं असेल. सोबत असली की माणूस निर्धास्त होतो, आणि परक्या गावात पहिल्या दिवशी निर्धास्त होणं परवडत नाही. गाडी कुठली हे आम्ही दोघांनीही वाचलं नव्हतं, सोनू. मी समजत होतो त्याने वाचलं, तो समजत होता मी.

म्हणून मुंबई सोडण्याआधी गुड्डीशी एक गोष्ट ठरव. चुकामूक झालीच तर जी मागे राहिली ती जागेवरून हलणार नाही, जी पुढे गेली ती परत येईल. फोन आहेतच, पण पहिल्या दिवशी तिथलं सिम चालू नसेल, बॅटरी उतरली असेल. पासपोर्ट, प्रवेशाचं पत्र, विम्याचे आणि ब्लॉक्ड अकाउंटचे कागद, कागदावर लिहिलेला राहण्याचा पत्ता आणि थोडे युरो, हे सगळं जिचं तिच्याच अंगावर. एका पिशवीत दोघींचं काही ठेवायचं नाही. तिकडे रेल्वेच्या फलाटावर अ, ब, क असे भाग असतात आणि काही गाड्या वाटेत तुटून दोन दिशांना जातात. डब्यावरची पाटी तूही वाच, तिलाही वाचू दे. आता फ्रँकफर्ट विमानतळावरून वेगवान गाडीने कोलोन तासाभरात येतं, तिथून आखेन फार लांब नाही. पण विद्यापीठाचं जे प्रवासाचं तिकीट मिळेल ते त्या वेगवान गाड्यांना चालत नाही, फक्त लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना. विनातिकीट सापडलं की ६० युरो दंड, आणि नवीन आहे म्हणून कोणी सोडत नाही.

विचारायची लाज बाळगू नकोस. आम्ही दोघं आपसात अहिराणीत खल करत बसायचो, "आठे का तठे?", आणि शेजारी उभ्या माणसाला विचारत नव्हतो. दोघं असलो की बोलायला माणूस असतो, म्हणून तिसऱ्याशी बोलणं होत नाही. तुमचंही हेच होईल. एक दिवस तू विचार, एक दिवस तिने विचारायचं. मोडकंतोडकं जर्मन बोललीस तरी चालेल. धुळ्याला क्लासमध्ये शिकलेलं तिथे दुकानात उभं राहिल्यावरच तोंडात बसेल.

आता जे लिहितो ते दोघींनी मिळून वाचा. आखेनमध्ये विद्यार्थ्यांना खोली मिळणं अवघड आहे, वसतिगृहाला प्रतीक्षा यादी असते. दोघींना एकाच दिवशी खोली मिळणार नाही. एकीला आधी मिळेल. मैत्रीला खरा ताण तेव्हा पडतो, फलाटावरचं भांडण त्यापुढे काहीच नाही. जिला मिळेल तिने अपराधी वाटून घ्यायचं नाही आणि खोली सोडायचीही नाही. जिला मिळाली नाही तिने मनात धरायचं नाही. आणि घाबरून, न बघितलेल्या खोलीसाठी कुणालाही आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत. भाड्याच्या तिपटीपर्यंत अनामत मागतात, ती कायद्याने चालते, पण करारावर सही झाल्यावर. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, ते खोली घेतानाच मागून ठेव. त्या नोंदणीवाचून पुढची बरीच कामं अडतात.

पैशांचा हिशेब रोज रात्री लिहा, दोघींनी. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवलेत, पण हातात महिन्याला ९९२ येणार. एखादीचा महिना आधी संपेल. उसने द्यायचे तर लिहून द्यायचे. आमचा चार मार्कांचा एक हिशेब राहिला होता, तो जळगावला परत येईपर्यंत दोघांच्या मनात कुरकुरत होता. आज सांगताना वाईट वाटतं, पण खरं आहे.

आणि एकमेकींच्या तक्रारी धुळ्याला फोन करून सांगू नका. तुमचं भांडण दोन दिवसांत मिटेल, पण तोवर इकडे दोन्ही आया एकमेकींकडे बघेनाशा होतील.

आठवड्यातला एक दिवस वेगळा ठेवा. रविवारी तिथे दुकानं बंद असतात, गाव शांत असतं, घरची आठवण त्या दिवशी जास्त येते. त्या दिवशी एकटीच पायी फीर. गावात गरम पाण्याचे झरे आहेत, त्यांच्यासाठी रोमन लोकांनी तिथे वस्ती केली. एलिझेनब्रुनेन नावाची जागा आहे, तिथल्या पाण्याला गंधकाचा वास येतो. तू लहान असताना आपण चोपड्याकडे उनपदेवला गेलो होतो, ते गरम पाणी पाहून किती नाचली होतीस! तिथे गेलीस की ते आठव. त्या गावातलं काहीतरी तुझं एकटीचं झालं, की गुड्डीला दाखवायला तुझ्याकडे काहीतरी असेल.

तो मित्र कोण, हे तू ओळखलंच असशील. आजही संध्याकाळी आम्ही मेहरूणच्या तलावावर फिरायला जातो. तुझी बातमी सांगितली तर तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पोरीला सांग, दारात उभी राहू नको, आत तरी बस, नाहीतर बाहेर तरी रहा." त्याच्याकडून तुला एक चांगली बॅग येते आहे.

बॅगेत तूप आणि पेढे घालू देऊ नकोस, आजी कितीही म्हणाली तरी. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून तिकडे नेता येत नाहीत, विमानतळावर काढून टाकतात. बिबडे ने, कळण्याचं पीठ ने, शेवभाजीचा मसाला ने. फळांवर बंधनं आहेत, केळी मात्र चालतात, हे वाचून जळगावचा माणूस म्हणून मला बरं वाटलं. पण चोवीस तासांच्या प्रवासात ती काळी पडतील, राहू दे.

शेवटचं, आणि हे आजच ताईला वाचून दाखव. तुमच्या तिकिटावर २७ सप्टेंबर आहे, वेळ रात्री १:५०. म्हणजे २६ तारखेची रात्र उलटल्यावरचं विमान. या घोळात लोकांची विमानं सुटलेली मी पाहिली आहेत. धुळ्याहून २६ ला सकाळीच निघायचं, कसारा घाटात ट्रक अडकला तर दोन-तीन तास सहज जातात. मी २५ ला संध्याकाळीच धुळ्याला येतो. गाडी मी सांगून ठेवली आहे.

तुझा,
मामा