बाळाची शी रोज पाहा, आणि सांगा

पुण्याजवळच्या मांजरीत गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमधून बरीचशी घरं नव्या जोडप्यांची आहेत. आजी गावाकडे, बाबांची शिफ्ट, आणि बाळाच्या पोटाविषयीचा सगळा सल्ला फोनवरून. म्हणून आज तुमच्याशी थोडं मोकळेपणाने बोलायचं आहे.

बाळ चौदा दिवसांचं झालं आणि डोळे अजून पिवळे दिसत असतील, तर ‘कोवळ्या उन्हात धरा, उतरेल’ एवढ्यावर थांबू नका. बहुतेक बाळांना अशा काविळीने काही होत नाही. अंगावरच्या दुधाने ती थोडी रेंगाळते. पण एखाद्या बाळाच्या यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्याच बंद झालेल्या असतात. असं बाळ दूध पितं, हसतं, सुरुवातीला वजनही बरं असतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. खूण असते ती लंगोटात. शी पिवळी न होता खडूसारखी पांढरट किंवा मातकट, आणि शू इतकी गडद की दुपट्याला डाग पडतो. दिवसाच्या उजेडात शीचा फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. रक्त तपासलं तर नुसतं एकूण बिलिरुबिन ऐकून घरी येऊ नका, ‘डायरेक्ट’ किती आहे तेही विचारा.

या आजाराला बिलिअरी अट्रेझिया म्हणतात. जपानचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५०च्या दशकात त्यावर शस्त्रक्रिया शोधली. त्यात आतड्याचा भाग थेट यकृताला जोडतात. बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत ती झाली, तर यश येण्याची शक्यता जास्त. उन्हात धरण्यात नेमके हेच आठवडे जातात, याची मला फार हळहळ वाटते. उशीर झाला तरी सगळं संपत नाही. १९९८ साली दिल्लीत भारतातलं पहिलं यशस्वी बाल-यकृतरोपण झालं, ते याच आजाराच्या वीस महिन्यांच्या मुलावर. वडिलांनी आपल्या यकृताचा भाग दिला. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

आता आपल्या पुण्याची गोष्ट. पूर्वी आपल्याकडे वर्ष-दोन वर्षांच्या मुलांचं यकृत दगडासारखं टणक होत असे, पोट फुगे, आणि बहुतेक मुलं वाचत नसत. केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या मुलांचा माग काढला. त्यात एक साधा प्रश्न होता : बाळाचं दूध कशात तापवता, कशात ठेवता? उत्तर बहुधा तांब्या-पितळेच्या भांड्याचं निघे. कल्हई नसली की तांबं दुधात उतरतं, आणि तान्ह्या यकृताला ते बाहेर टाकता येत नाही. ‘लॅन्सेट’मध्ये हा दुवा १९८३ साली मांडला गेला. आजार लवकर ओळखला तर पेनिसिलामाइन या औषधाने मुलं वाचू लागली, आणि घरोघरी स्टीलची भांडी आली तसा तो आजार जवळपास नाहीसा झाला. आज तांब्याची भांडी पुन्हा हौसेने घरात येत आहेत. ती मोठ्यांच्या पाण्यापुरती राहू द्या, बाळाचं दूध त्यांत नको.

तो प्रश्न आयांना दोष देण्यासाठी नव्हता. त्यांनी खरं सांगितलं म्हणून कारण सापडलं. तुम्हीही तसंच सांगा. गुटी दिली, कुणाकडून कावीळ उतरवून घेतली, कसलं चूर्ण चाटवलं, ते सगळं. ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून आई गप्प बसते आणि नेमकी तीच माहिती हवी असते. डॉक्टर खरंच रागावले, तर दुसरे डॉक्टर शोधा. पण लपवू नका.

थोड्या मोठ्या मुलांचं गाऱ्हाणं बरेचदा वेगळं असतं. जेवत नाही म्हणून दिवसभर दूध आणि बिस्किटं. मग भूक मरते, शीला खडा होतो, लोह कमी पडून चेहरा पांढुरका दिसतो. वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटर दूध पुष्कळ झालं. आणि जुलाब ‘दात येतायत म्हणून’ नसतात; ओआरएस पाजा, डॉक्टरांना विचारून चौदा दिवस झिंक द्या, अंगावरचं दूध सुरू ठेवा. रोटाव्हायरसच्या जुलाबांविरुद्धची एक लस तर इथे शेजारीच, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. ती आणि जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत द्यायची हिपॅटायटिस-बीची लस, दोन्ही कार्डावर तपासून घ्या.

वजनाची रेघ दोन-तीन महिने आडवी राहिली, पोट फुगत गेलं, शीत रक्त दिसलं किंवा उलटी हिरवी झाली, तर मुलांच्या पोटाच्या आणि यकृताच्या तज्ज्ञाकडे पाठवा असं आपल्या बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट म्हणा. हिरव्या उलटीला तर तासाभराचाही उशीर नको, रात्र असली तरी निघा. जाताना लसीकरणाचं कार्ड, आधीचे रिपोर्ट, शीचे फोटो आणि घरी दिलेल्या प्रत्येक औषधाची बाटली पिशवीत घाला, रिकामी असली तरी.