दगडीचा रोग व कोरफडीचा लेप

दुभत्या गाईम्हशीची कास सुजते, सड कढत व दगडासारखा कठीण लागतो, दुधांत गुठळ्या येतात. या रोगास आपण दगडी म्हणतों. पशुवैद्य त्यास कासदाह म्हणतात. पूर्वीं ज्या सुईनें गुण येत असे तिला आतां हा रोग पुष्कळदां दाद देत नाहीं, आणि एखादा सड कायमचा जातो. अशा वेळीं औषध बनावट होतें असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु दोष दर वेळीं कुपीचा नसतो.

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९२८ सालीं लावला. तें सर्रास प्रचारांत येण्यापूर्वींच, १९४० सालीं, त्याचा नाश करणारा एक पदार्थ कांहीं जंतु स्वतःच तयार करतात असें आढळलें. अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषध सोसण्यास शिकतात, हा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनीं १९४५ च्या नोबेल व्याख्यानांत दिला होता. आपण गोठ्यांत नेमकें तेंच करतों. दोन सुयांनीं सूज उतरली कीं तिसरीचे पैसे वांचवितों. त्या दोहोंतून जे जंतु तगले तेच पुढील पिढीचें बियाणें होतात. निवड पद्धतीनें वाण सुधारणाऱ्या शेतकऱ्यास हें निराळें समजावून सांगावयास नको. दगडीस कारण होणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतु माणसाच्या जखमांतही वाढतो, म्हणजे गोठ्यांतील हयगय घरापर्यंत येऊं शकते. माणसाच्या गंभीर आजारांत अखेरचा आधार असलेलें कोलिस्टिन हें औषध दुधामांसाच्या जनावरांस देण्यास भारत सरकारनें २०१९ सालीं बंदी केली, ती याच भीतीनें.

यासाठीं वनस्पतींच्या औषधांकडे लक्ष वळलें आहे. आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें ज्या लेपाचा प्रसार केला त्याची कृति सोपी आहे. कोरफडीचें पान २५० ग्रॅम, हळदपूड ५० ग्रॅम व खाण्याचा चुना १५ ग्रॅम एकत्र वाटावा. धार पूर्ण काढून कास स्वच्छ धुवावी. मूठभर लगदा १५० ते २०० मिलीलिटर पाण्यांत कालवून सर्व कासेस लावावा. दिवसांतून दहा वेळां, असें पांच दिवस करावें. दहा हा आंकडा पाहून कोणी हंसेल, पण एकदां फासून मोकळें होणाऱ्यानें लेपास नांवें ठेवूं नयेत. बरोबर पहिले तीन दिवस रोज दोन लिंबें चिरून खाऊं घालावीं.

हळदींत चुना पडतांच लगदा लाल होतो. कुंकू करण्याची जुनी रीत तीच. हळदींतील कर्क्युमिन साध्या पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. चुन्याच्या क्षारामुळें तें अधिक विरघळतें, परंतु तितक्याच लौकर नासूं लागतें. म्हणून लगदा रोज ताजा वाटावा.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. कांचेच्या तबकडींत वनस्पतीच्या अर्कानें जंतु मेले, एवढ्यावरून ते कासेंतही मरतील असें होत नाहीं. तबकडींत अर्क जंतूंवर थेट पडतो. कासेंत हे जंतु मांसांत खोल, चिकट आवरणाखालीं दडलेले असतात, व लेप कातडीवर राहतो. सौम्य दगडी पुष्कळदां जनावराच्या स्वतःच्या शक्तीनेंच बरी होते. तेवढ्या काळांत सूज व ठणका कमी करून सुईची गरज टाळणें, हें आमच्या मतें लेपाचें खरें काम आहे. मुरलेल्या रोगावर तो रामबाण आहे असें सांगणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. कोणताही घरगुती अर्क सडाच्या छिद्रांतून आंत सोडूं नये. त्यानें नवीन जंतु आंत जातात.

ताप आला, चारा तुटला, दूध पाण्यासारखें झालें किंवा दोन दिवसांत उतार पडला नाहीं, तर पशुवैद्यास बोलवावें. सुई देण्यापूर्वीं सड पुसून दुधाचा नमुना स्वच्छ बाटलींत घ्यावा, म्हणजे कोणतें औषध चालेल हें प्रयोगशाळेंत ठरवितां येतें. मग सांगितलेल्या सुया पुऱ्या कराव्या, व औषधावर छापलेली मुदत संपेपर्यंत तें दूध डेअरींत घालूं नये, वासरासही पाजूं नये. रोगी जनावराची धार सर्वांच्या शेवटीं काढावी.