धुराचा हिशेब

'हिशेब' हा शब्द तुम्हांला नव्याने शिकवावा लागत नाही. उर्दूत तुम्ही त्याला 'हिसाब' म्हणता. जमा, खर्च, बाकी, वसूल, कारखाना हे शब्दही तुमच्या घरातलेच. मराठीने ते अरबी-फारसीतून घेतले आणि इतके आपलेसे केले, की आता ते कुणाला परके वाटत नाहीत. आज मात्र आपण ज्या हिशेबाविषयी वाचणार आहोत, त्यात रुपये-पैसे नाहीत. त्यात किलो आणि टन आहेत, आणि ते कार्बन डायऑक्साइड या वायूचे आहेत.

कोळसा, डिझेल, पेट्रोल जळले की हा वायू हवेत मिसळतो. पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता तो अडवतो, त्यामुळे हवामान तापत जाते. जेवढा वायू हवेत सोडला, तेवढाच हवेतून परत काढून घेतला, तर बाकी शून्य राहते. यालाच 'नेट झिरो' किंवा 'निव्वळ शून्य' म्हणतात. तापमानवाढ दीड अंशावर रोखायची असेल, तर साऱ्या जगाने २०५० च्या सुमारास ही अवस्था गाठली पाहिजे, असे शास्त्रज्ञांनी २०१८ साली सांगितले. भारताने २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत २०७० हे वर्ष जाहीर केले.

देशाचे झाले, पण एखाद्या कारखान्याने आपली बाकी शून्यावर कशी आणायची?

समजा, भिवंडीत एका गाळ्यात चोवीस यंत्रमाग चालतात. गाळ्यात खडखडाट भरपूर असतो, धूर मात्र दिसत नाही. मग हिशेब कशाचा? मागाला लागणारी बरीचशी वीज कोळसा जाळून तयार होते. म्हणजे माग भिवंडीत चालतो आणि त्याचा धूर चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या वीज केंद्राच्या धुराड्यातून निघतो! भारतात एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक लीटर डिझेल जळले, की सुमारे २.७ किलो. महिन्याला दहा हजार युनिट वीज आणि जनरेटरसाठी दोनशे लीटर डिझेल लागत असेल, तर विजेचे ७,००० किलो आणि डिझेलचे ५४० किलो झाले. साडेसात टनांहून थोडे अधिक.

हा हिशेब लिहिण्याची एक पद्धत 'जीएचजी प्रोटोकॉल' या नावाने २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्या वहीला जणू तीन पाने आहेत. आपल्या आवारात जे जळते, ते पहिल्या पानावर. जनरेटरचे डिझेल तेथे येते. विकत घेतलेल्या विजेचा धूर दुसऱ्या पानावर. तिसऱ्या पानावर इतरांच्या हातून झालेला, पण आपल्या धंद्याशी जोडलेला सगळा खर्च येतो. सूत कातणारी गिरणी, कापूस पिकवताना घातलेले खत, माल नेणारा ट्रक, सारे तेथे. बहुतेक मोठ्या कंपन्यांचे हेच पान सर्वांत जाड असते आणि तेच लिहिण्याचा त्यांना सर्वांत जास्त कंटाळा असतो.

वही तयार झाली, की कपात सुरू होते. जळालेली मोटार पुन्हा पुन्हा भरून वापरली, तर ती बहुधा वीज जास्त खाते. तेथे कमी वीज लागणारी नवी मोटार बसवता येते. छपरावर सौर पत्रे लावता येतात. महाराष्ट्रात एक किलोवॉटच्या पत्र्यांपासून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते आणि त्यांना साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. पंचवीस किलोवॉट बसवले, तर महिन्याला तीन हजार युनिट, म्हणजे दोन टनांहून अधिक धूर वाचला.

तरीही बाकी उरतेच. काही कंपन्यांना येथे सोपी वाट दिसते. कपात न करता, दूर कोठे तरी वाचवलेल्या जंगलाचे 'कार्बन श्रेय' विकत घ्यायचे आणि मालावर शून्याचा शिक्का मारायचा. उधारी न फेडता वहीवर 'वसूल' लिहिण्यासारखेच हे आहे. युरोपीय संघाने २०२४ साली नियम केला, की केवळ अशा खरेदीच्या जोरावर कोणत्याही वस्तूला 'कार्बन-तटस्थ' म्हणता येणार नाही. हा नियम सप्टेंबर २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. 'सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह' या संस्थेची २०२१ सालची नियमावलीही कडक आहे. बहुतेक कंपन्यांनी उशिरात उशिरा २०५० पर्यंत आपला वायू निदान नव्वद टक्क्यांनी घटवायचा. उरलेलाच तेवढा हवेतून काढून भरून द्यायचा.

आपल्या राज्यातले एक उदाहरण पाहा. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे महिंद्रा कंपनीचा कारखाना आहे. त्याला २०१८ साली 'कार्बन-तटस्थ' असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. तेथे आधी विजेची बचत केली, मग नवीकरणीय ऊर्जा आणली, आणि उरलेल्या वायूसाठी झाडे लावली. 'तटस्थ' म्हणजे नव्वद टक्क्यांची 'निव्वळ शून्य' कसोटी नव्हे. पण हा क्रम मला योग्य वाटतो.

प्रमाणपत्र देणारा तपासनीस बाहेरचा असावा लागतो. तो विजेची बिले, मीटरचे आकडे, डिझेलच्या पावत्या पडताळून पाहतो. ज्या सल्लागाराने वही लिहून दिली, त्यानेच ती तपासायची नसते. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासायला मिळाली, तर वर्गात कोण नापास होईल?

आता पुन्हा त्या गाळ्याकडे जाऊ. परदेशातील मोठा व्यापारी आपले तिसरे पान भरण्यासाठी निर्यातदाराकडे आकडे मागतो, निर्यातदार कापडवाल्याकडे, आणि कापडवाला शेवटी मागवाल्याकडे. मागवाला मजुरीवर कापड विणून देतो. पुष्कळदा गाळा भाड्याचा असतो, म्हणजे छप्परही त्याचे नसते. सौर पत्रे लावायचे कोणी? तपासनिसाची फी कोणी द्यायची? ज्याला शून्याचा शिक्का हवा, त्याने या खर्चाचा वाटा उचलावा, असे मला वाटते. तोवर मागवाल्याच्या हाती एक गोष्ट आहे: दर महिन्याचे वीजबिल आणि डिझेलची पावती जपून ठेवणे. पुढे कपात मोजायची, ती याच कागदांवरून.

स्वाध्याय

१. यंत्रमागाचा धूर कोठून निघतो, असे लेखात म्हटले आहे?

२. वहीच्या तिसऱ्या पानावर कोणकोणता खर्च येतो?

३. 'उधारी न फेडता वहीवर वसूल लिहिणे' असे कशाला म्हटले आहे? तुमच्या शब्दांत सांगा.

४. घरच्या गेल्या महिन्याच्या वीजबिलावरील युनिट पाहा आणि किती किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असेल ते काढा.

५. उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द पाठातून शोधून त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.