पिशवी काढण्याआधी

चि. भाचीस,

तुझ्या आईला तीन महिने अंगावरून फार जातंय आणि पहिल्याच तपासणीत तिला ‘पिशवी काढून टाका’ असं सांगितलं, हे कळलं. होकार देण्याआधी हे पत्र तिला वाचून दाखव.

आपल्या सुरतेत डिंडोली, लिंबायत, उधना भागातल्या खान्देशी घरांत ‘मुलं झाली, आता पिशवी काय कामाची?’ असं सहज बोललं जातं. हेच वाक्य बीडच्या ऊसतोड मजूर बायकांनीही ऐकलं होतं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केली, तेव्हा 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत रजा घेतली की मुकादमाकडे खाडा भरायचा, त्यात फडावर ना पाणी ना आडोसा. म्हणून पोटदुखी, अंगावरून पांढरं जाणं अशा तक्रारींवरही ऑपरेशन झालं. त्यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. अंडाशयं लवकर गेली की हाडं ठिसूळ होतात. ती ठेवली तरी पाळी बंद होण्याचा त्रास लवकर सुरू होऊ शकतो. हा अन्याय आपल्या घरात होऊ नये.

जास्त रक्तस्राव हा आजार नव्हे, लक्षण आहे.

कारण गर्भाशयात असू शकतं: फायब्रॉइडची गाठ, आतला मांसल कोंब, अस्तर स्नायूत शिरणं, क्वचित कर्करोग. पण सोनोग्राफी स्वच्छ येऊनही रक्त थांबत नाही, तेव्हा थायरॉईड, पीसीओएस, रक्त न गोठण्याचा दोष, रक्त पातळ करणारी औषधं, तांबी यांच्याकडे पाहावं लागतं. चाळिशीनंतर तर दर महिन्याला बीज सुटेलच असं नाही. तेवढ्यानेही पाळी बिघडते. शिवाय कानबाईच्या सणातल्या रोटांसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी तिने घेतली होती का, ते विचार. ती बंद केल्यावर काही दिवसांत रक्त येतंच. डॉक्टरांना हे सांगायला बायका लाजतात आणि निदान भलतीकडे जातं.

आता तारखा लिही. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत 24 ते 38 दिवस आणि रक्तस्राव 8 दिवसांपर्यंत, हे सर्वसाधारण. दिवसाला किती पॅड, गाठी पडतात का, मधल्या दिवसांत किंवा संबंधांनंतर डाग दिसतो का, तेही नोंद. नसबंदी झालेली असली तरी आधी गर्भ राहिलेला नाही याची लघवीची तपासणी, मग हिमोग्लोबिन (12 च्या खाली म्हणजे रक्त कमी), प्लेटलेट, थायरॉईडसाठी टीएसएच, आतून तपासणी आणि सोनोग्राफी. पंचेचाळिशी उलटली असेल, किंवा वजन फार वाढलेलं असेल, तर अस्तराचा नमुनाही तपासायला हवा. यासाठी मजुरा गेटचं नवं सिव्हिल किंवा उमरवाड्यातलं स्मीमेर आहे. गोळ्यांनी, हार्मोनच्या तांबीने किंवा नुसता कोंब काढून बरं होणार असेल, तर ते आधी. कर्करोग निघाला किंवा औषधांनी गुण आला नाही, तर ऑपरेशन योग्यच. तेव्हा टाळू नका.

तासाला एक पॅड भिजत असेल आणि लागोपाठ दोन तास तसंच चाललं, किंवा तिला चक्कर येऊन धाप लागली, तर वही, तारखा सगळं बाजूला ठेव आणि 108 ला फोन कर.

तुझी मावशी