घर पाहावे बांधून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण तुम्ही वडील माणसांच्या तोंडून अनेकदा ऐकली असेल. या दोन्ही कामांत माणसाच्या पैशाची, धीराची आणि शहाणपणाची कसोटी लागते, असा तिचा आशय आहे. पूर्वी ही कसोटी घर बांधताना लागे. आज बहुतेकांना ती घर विकत घेताना द्यावी लागते.

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीचेच उदाहरण घेऊ. थळ घाटाच्या माथ्यावर वसलेल्या या गावाला आगगाडीने मोठे केले. सन १८६५ मध्ये घाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि येथे रेल्वे कामगारांची वस्ती वाढली. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहूनही अधिक पाऊस कोसळतो. म्हणूनच येथील जुन्या घरांची छपरे उतरती व कौलारू असत. पावसाचे पाणी क्षणभरही छपरावर थांबू नये, हा त्यामागील हेतू होता.

आता या गावाजवळून दुसरा मोठा मार्ग गेला आहे. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग मार्च २०२४ मध्ये इगतपुरीपर्यंत खुला झाला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. असा रस्ता आला म्हणजे जमीन जागची हलत नाही. परंतु शहर मात्र तिच्याजवळ येते. थंड हवेसाठी शहरातील लोक येथे दुसरे घर शोधू लागतात. मागणी वाढते, जमीन मात्र तेवढीच राहते. मग भाव चढू लागतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. घराच्या किमती दोन असतात : एक विकणाऱ्याने सांगितलेली व दुसरी घेणाऱ्याने प्रत्यक्ष दिलेली. एकाने आपल्या घराचे तीस लाख सांगितले, की ते ऐकून शेजारी पस्तीस लाख सांगतो. एकही सौदा झालेला नसतो, तरी ‘भाव वाढले’ अशी हाकाटी गावभर होते. याकरिता सुज्ञ माणूस बोललेल्या किमतीवर विसंबत नाही. नोंदणी झालेल्या खरेदीखतांत कोणती रक्कम लिहिली आहे, याची तो चौकशी करतो.

भाव वाढले म्हणजे सर्वांचे भले होते काय? समजा, एका घराची किंमत २० लाख रुपये आहे आणि एका कुटुंबाजवळ ५ लाख रुपये शिल्लक आहेत. त्याला १५ लाख कमी पडतात. वर्षभर काटकसर करून ते आणखी १ लाख साठवते. तेवढ्यात घराची किंमत शेकडा आठ, म्हणजे १ लाख ६० हजार रुपयांनी वाढते. आता त्याला १५ लाख ६० हजार कमी पडतात. पोटाला चिमटा घेऊनही ते कुटुंब घरापासून साठ हजार रुपये दूरच गेले! जो आपले भाताचे खाचर विकतो, त्याच्या हाती मोठी रक्कम येते खरी. परंतु रक्कम एकदाच येते, भात दरवर्षी येत होता.

जमीन महाग झाली, की एकाच भूखंडावर मजल्यावर मजले चढवून अनेक घरे बांधली जातात. अशा प्रत्येक घराला सदनिका किंवा बोलीभाषेत फ्लॅट म्हणतात. सदनिकांच्या मालकीविषयी आपल्या राज्याने १९६३ मध्ये कायदा केला. रहिवासी मिळून बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन करतात.

सदनिकेचे लाभ उघड आहेत. जमिनीचा खर्च वाटला जातो. पहारेकरी, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे यांचा भार एकट्यावर पडत नाही. घराला कुलूप लावून गावाला जाता येते आणि अडीअडचणीला शेजारी भिंतीपलीकडेच असतो. तोटेही तितकेच खरे आहेत. अंगण नाही, परसात पेरूचे झाड नाही. दरमहा देखभालीची वर्गणी द्यावी लागते. कौलारू घराचे एक कौल फुटले, तर घरधनी ते स्वतः बदलतो. इमारतीची गच्ची गळू लागली, तर सर्वांचे एकमत होईपर्यंत वरच्या मजल्यावरच्या माणसाला बादल्या मांडून बसावे लागते.

घेणाऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून संसदेने २०१६ मध्ये स्थावर संपदा कायदा केला आणि २०१७ मध्ये राज्यात ‘महारेरा’ हे प्राधिकरण काम करू लागले. या कायद्यानुसार सदनिका विकताना तिचे चटई क्षेत्र सांगावे लागते. बाहेरच्या भिंती व सज्जा वगळून घरात वापरण्यास मिळणारी जागा, ते चटई क्षेत्र.

आता अशी कल्पना करा. एक रेल्वे कामगार निवृत्त होत आहे. नोकरीबरोबर रेल्वेचे घरही सोडावे लागणार. त्याच्या आयुष्याच्या पुंजीत गावातील एक जुने कौलारू घर किंवा तिसऱ्या मजल्यावरील एक सदनिका, यांपैकी एकच मिळू शकते. पत्नीचे गुडघे दुखतात. त्याला स्वतःला मातीत हात घातल्याशिवाय चैन पडत नाही. त्याने उद्वाहक चालू असतो काय, उन्हाळ्यात पाणी कोठून येते, छपराची दुरुस्ती कोण करणार, हे सारे विचारावे. आणि पैसे देण्यापूर्वी एकदा भर आषाढात जाऊन दोन्ही घरे पाहावीत. कोणते घर माणसाला कोरडे ठेवते, हे इगतपुरीचा पाऊस विक्रेत्यापेक्षा अधिक खरेपणाने सांगेल.

स्वाध्याय

१. ‘सांगितलेली किंमत’ व ‘दिलेली किंमत’ यांतील फरक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. ‘रक्कम एकदाच येते, भात दरवर्षी येत होता’ असे लेखक का म्हणतो?
३. निवृत्त कामगाराने कोणते घर घ्यावे, असे तुम्हांला वाटते? कारणे देऊन दहा ओळी लिहा.
४. ‘पोटाला चिमटा घेणे’ हा वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यात योजा.