घर पूर्ण तुझं, भिंत अर्धी

जळगाव

चि. मृणाल हिस,


व्हॉट्सॲपवरचा तुझा लांबलचक निरोप दोनदा ऐकला. दोन घरं तुमच्या नजरेत आहेत. एक इथं जुन्या जळगावात, रथ चौकाच्या मागच्या बोळात, तुझ्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. दुसरं धुळ्याला, नंबराच्या गल्लीत, रोहितरावांच्या ऑफिसजवळ. तुझ्या सासूबाई म्हणतात रिंग रोडला फ्लॅट घ्या, लिफ्ट आहे, गाडी लावायला जागा आहे. तुझा बाबा म्हणतो मातीच्या घरात पैसा घालणं म्हणजे पाण्यात घालणं. आणि तुला म्हणे गाडी न काढता जगायचंय. नगर भूमापनच्या कार्यालयात माझी हयात गेली म्हणून तू मला विचारलंस. फोनवर मी नुसतं हूं हूं केलं, कारण या गोष्टी बोलण्यात विरून जातात. लिहिलेलं असलं म्हणजे तुला नवऱ्यापुढे आणि वकिलापुढे ठेवता येईल.

चालत जगायची तुझी हौस खुळी नाही, हे आधी सांगते. रथ चौकातून सराफ बाजार, सुभाष चौक, दाणा बाजार, फुले मार्केट सगळं पायाखालचं. व. वा. वाचनालय 1877 पासून आहे, तिथून पुस्तक बदलून येताना भाजी घेता येते. धुळ्यालाही तसंच: गल्लीतून बाहेर पडलं की आग्रा रोड, पाचकंदीलचा बाजार. कॉलनीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींना कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्कूटी काढावी लागते आणि गुडघे दुखले की मुलाच्या तोंडाकडे बघावं लागतं. म्हणजे हौस बरोबर आहे. पण घर बघायला जाता तेव्हा तुम्ही दोघं कोरीव खांबांचे फोटो काढत बसता, ते बरोबर नाही. जुन्या वस्तीत घर असं सुटं मिळत नाही. भिंत शेजाऱ्याची आणि तुझी मिळून, बोळ सगळ्यांचा, सांडपाण्याची वाट कुणाच्या तरी अंगणातून, आणि मालकी पंधरा वारसांची. तपासायचं ते हे.

भिंतीपासून सुरुवात करते. आपल्याकडची जुनी घरं धाब्याची. खाली दगडाचं जोतं, वर हात-दीड हात जाडीची मातीची भिंत, तीवर सागाच्या तुळया, कडीपाट आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात बाहेर पारा 44 च्या पुढे गेला तरी आत दुपारी झोप लागते, ती या जाडीमुळे. फोटोत हे दिसतं. मधल्या भिंतीवर एका बाजूने तुझ्या तुळया टेकल्यात आणि दुसऱ्या बाजूने शेजाऱ्याच्या, ते फोटोत येत नाही. उद्या शेजारच्याने घर पाडून तीन मजली स्लॅबचं काम काढलं की त्याच्या पायाच्या खड्ड्याबरोबर तुझ्या भिंतीचा आधार जातो. पावसाळ्याच्या तोंडावर कुणी शेजार पाडला तर काय होतं ते आपल्या मागच्या आळीत तूही लहानपणी पाहिलं आहेस. तेव्हा विक्रेत्याशी बोलण्याआधी दोन्ही अंगांच्या शेजाऱ्यांकडे चहा प्यायला जा. त्यांचा बांधायचा विचार आहे का, भिंत कोणाच्या हद्दीत धरतात, तुमच्या खिडकीबद्दल त्यांचं काय म्हणणं आहे, हे सरळ विचार. खिडकीचा उजेड किंवा पाण्याची वाट वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार वापरात असली तर 1882 च्या सुखाधिकार कायद्याने तिचा हक्क तयार होतो. हा हक्क तुझा शेजाऱ्यावर असू शकतो, तसाच शेजाऱ्याचा तुझ्यावर. दुसरी बाजू लोक विसरतात.

घर बघायला जाताना सोबत गवंडी नको, जुना सुतार ने. तुळईचं जे टोक भिंतीत शिरतं तिथेच ओल आणि वाळवी बसते. मधला भाग ठणठणीत दिसतो, रंगवलेला असतो. सुताराला त्या टोकाशी पेचकस लावायला सांग. आरपार शिरला तर ती तुळई गेली. मग धाब्यावर चढ. पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळी मोकळ्या आहेत का, त्यांच्या खालची भिंत काळी पडली आहे का, ते बघ. दर उन्हाळ्यात माती टाकत गेल्याने धाबं जाड आणि जड होत जातं. कुठे कुठे तर कडीपाट त्या ओझ्यानेच वाकलेला असतो. आणि मातीच्या भिंतीला नुकतंच गुळगुळीत सिमेंटचं प्लास्टर केलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नकोस. सिमेंट आतली ओल बाहेर पडू देत नाही. दोन पावसाळ्यांत ते फुगतं आणि मातीचं ढेकूळ घेऊन खाली येतं. विकण्याआधी केलेलं असं प्लास्टर मला तरी संशयास्पद वाटतं.

आता कागद. इथं मी जरा लांबण लावणार आहे, चालवून घे.

सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबारा नसतो, मालमत्ता पत्रक असतं. जुने लोक त्याला प्रॉपर्टी कार्डच म्हणतात. त्यावर सि.स. नंबर, क्षेत्र, सत्ताप्रकार आणि धारकाचं नाव. नुसतं आजचं पत्रक घेऊन समाधान मानू नकोस. सर्व्हेच्या वेळी कुणाची काय चौकशी झाली, कोणी काय पुरावा दिला, ते चौकशी नोंदवहीत असतं; तिचा उतारा काढायला लाव. बोळ खाजगी, सामाईक की सरकारी, हे बरेचदा तिथंच कळतं. मग मोजणी. मोजणीचा अर्ज धारकालाच करता येतो, म्हणून तो विक्रेत्याकडून करून घ्यायचा आणि बयाणा देण्याआधी. कागदावर एक क्षेत्र आणि दोरी लावली की दुसरं, असं जुन्या वस्तीत नेहमीचं आहे. घरापुढचा ओटा तर हमखास रस्त्याच्या जागेत निघतो. पिढ्यानपिढ्या त्या ओट्यावर पापड वाळले म्हणून तो खरेदीखतात येत नाही.

धुळ्याच्या घराबाबत एक जास्तीची गोष्ट. कॅप्टन जॉन ब्रिग्जने 1819 मध्ये खानदेशचं मुख्य ठाणं धुळ्याला नेलं, नवी पेठ आखली आणि व्यापारी येऊन वसावेत म्हणून त्यांना बिनभाड्याने जागा दिल्या. गल्ल्या सरळ रेषेत आहेत त्या यामुळे. (ही आखणी विश्वेश्वरय्यांची असं रोहितराव त्या दिवशी ठासून सांगत होते. जावई आहेत म्हणून गप्प बसले. विश्वेश्वरय्या जन्मले 1861 साली आणि खानदेशात नोकरीला आले 1884 च्या सुमारास. पांझरेवर दातर्तीला पाण्याचा सायफन त्यांनी केला, तेवढं श्रेय पुरेसं आहे.) सांगायचा मुद्दा असा की इतक्या जुन्या जागेचा मूळ कागद काय होता आणि पत्रकावर आज सत्ताप्रकार काय लागला आहे, हे धुळ्यात जास्त बारकाईने बघायचं. भाडेपट्टा किंवा सरकारी शर्त असेल तर विक्रीला आधी परवानगी लागू शकते. शिवाय 1872 च्या पुरात पांझरेने शहराचं मोठं नुकसान केलं होतं. नदीच्या अंगाची गल्ली असेल तर पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ते गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचार.

जळगावची गोष्ट निराळी. कापसाच्या तेजीत आणि रेल्वेमुळे गाव वाढलं, तेव्हा पेठा आखल्या गेल्या. पण रथ चौकाच्या मागे आहे ते त्याच्याही आधीचं गाव. तिथं बोळ वळेल तशी हद्द वळते. मोजणीदाराचा सगळा दिवस एका कोपऱ्यावर जातो.

वारसांचा विषय सगळ्यात नाजूक, आणि तुझ्या जळगावच्या घराचं घोडं इथंच अडणार आहे. पत्रकावर अजून आजोबांचं नाव आहे, विकायला निघाले आहेत दोन नातू. मध्ये आत्या किती, त्यांची मुलं किती? 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतका आहे, आणि वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटणी झाली असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ते वाटणीपत्र दाखवायला सांग. "ताईचं काही म्हणणं नाही" हे वाक्य मी कार्यालयात इतक्या वेळा ऐकलं आहे की आता मला त्याचा राग येतो. ताईचं म्हणणं नसेल तर ताईने दुय्यम निबंधकापुढे येऊन हक्कसोडपत्रावर सही करावी, नाहीतर खरेदीखतावर विकणार म्हणून सही करून पैसे घ्यावेत. मला तर दुसरंच बरं वाटतं. तिचा हिस्सा आहे, तिला पैसे मिळू देत.

आणि एका भावाचाच हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घ्यायचा मोह धरू नकोस. राहत्या कुटुंबाच्या अविभक्त घरातला हिस्सा परक्याने घेतला तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 44 व्या कलमानुसार त्याला त्या कुटुंबाबरोबर सामाईक ताबा मागता येत नाही. पैसे देऊन दाराबाहेर उभं राहायचं, आणि मग वाटपाचा दावा.

जळगावच्या घराखाली शिंप्याचं दुकान आहे म्हणालीस. तो त्यात किती वर्षांपासून आहे, भाडं काय देतो, पावती कोणाच्या नावाची? घर विकलं म्हणून भाडेकरू जात नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला तुझ्याविरुद्धही राहतं. विक्रेता म्हणेल "मी काढून देतो". आधी काढ, मग बोलू, असं म्हण. खरं सांगू का, शिंपी भला माणूस असेल तर राहू दे. खाली दिवसभर माणूस असणं ही जुन्या गल्लीतली मोठी सोय आहे. कुरिअर तोच घेईल.

महापालिकेत दोन खेटे घालावेच लागतील. एक नगररचना विभागात, विकास योजनेच्या भाग नकाशासाठी. रस्ता रुंदीकरणाची रेषा तुझ्या ओसरीतून जाते का, ते त्यावर दिसतं. दुसरा, घरपट्टी आणि पाणीपट्टीची थकबाकी किती ते बघायला. पुढेमागे पाडून बांधायची वेळ आली तर 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत दाट वस्तीसाठी वेगळे नियम आहेत, आणि रस्त्याच्या रुंदीवर बरंच अवलंबून असतं. बोळ अरुंद म्हणजे वर चढायलाही मर्यादा. बँकेचंही आधी विचारून ठेव. मातीच्या, मंजूर नकाशा नसलेल्या घरावर कर्ज द्यायला बँका नाक मुरडतात. खरेदी तुझ्या एकटीच्या नावावर केलीस तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. रोहितरावांचं नाव घातलं की ती गेली. घरात यावरून काय बोलायचं ते तुझं तू बघ, मी फक्त हिशोब सांगते.

पाण्याचं धुळेकरांना काही शिकवायला नको. नकाणे आणि डेडरगाव तलावांची नावं तिथं पोरांनाही पाठ, नळाला पाणी किती दिवसांनी आलं हे विचारल्याशिवाय कोणी ख्यालीखुशाली विचारत नाही. जळगावला वाघूर धरणाचं पाणी आहे, पण जुन्या बोळाच्या टोकाला नळाची धार कशी असते ते पाणी सुटल्यावर स्वतः बघ. जमिनीखाली टाकी घ्यायला अंगणात जागा आहे का? मातीच्या भिंतीला लागून टाकी खणू नये. आणि सासऱ्यांची तब्येत लक्षात घेता, ॲम्ब्युलन्स कुठवर येते ते पावलांनी मोजून काढ. बोळाच्या तोंडाशी लावलेल्या मोटारसायकलींसकट मोज.

गल्ली एकदा रात्रीही बघायची. दाणा बाजाराकडे मालाच्या गाड्या कधी लागतात, सराफ बाजाराची गर्दी धनत्रयोदशीला कुठवर येते. कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो, तो 1872 पासून. त्या दिवशी रथमार्गावर तुझी स्कूटीसुद्धा निघणार नाही. चाकाखाली मोगरी घालून एवढा अवजड रथ वळणावर वळवतात, तेव्हा ज्यांच्या ओट्यांवर आरतीची ताटं आणि पाहुणे मावत नाहीत त्यांच्यात तुझाही ओटा असेल. चार लोक बिनदिक्कत आत येऊन पाणी मागतील. तुम्हा दोघांना दार लावून शांत बसायची सवय लागली आहे, म्हणून विचारते: हे तुम्हाला वर्षानुवर्षं चालेल का? नसेल तर रिंग रोडचा फ्लॅट वाईट नाही, सासूबाईही खूश होतील.

माझं मत विचारशील तर जळगावचं घर घ्यावं. शाळा तुझी रोजची आहे, रोहितरावांची बदली आज ना उद्या होणार, आणि दुकानातला शिंपी वगळता त्या घरात न सुटण्यासारखं काही दिसत नाही. पण त्या नातवांच्या सगळ्या आत्यांची सही आल्याशिवाय बयाण्याचा एक रुपया द्यायचा नाही, विक्रेता कितीही म्हणाला की दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. उभं राहू दे. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि तीस वर्षांचा सर्च, दोन्ही वकिलाकडून होऊ दे. खर्चाकडे बघू नकोस.

चौकशी नोंदवहीचा उतारा हातात आला की त्याचा फोटो पाठव. उजेडात काढ आणि चारही कोपरे येऊ देत. शेरे समासात लिहिलेले असतात, तुझ्या मागच्या फोटोत नेमका समासच कापला गेला होता.

तुझी
सुमनमावशी