कालचा उंडा

कारापूर,
१७ जानेवारी

प्रिय बाये,

तुझा लांबलचक मेसेज परवा रात्री आला. चष्मा लावून दोनदा वाचला. मोबाइलवर उत्तर लिहायला माझी बोटं वळत नाहीत, म्हणून कागद घेतलाय. तुझा भाऊ फोटो काढून पाठवील. आणि मराठीतच लिहिते, हसू नकोस. घरात आपण कोंकणीत बोलतो, तेर्साची प्रार्थनाही कोंकणीतच म्हणतो, पण मला लिहायला शिकवलं ते इथल्या मराठी शाळेनं आणि पुढं जन्मभर मी तेच शिकवत राहिले. फादर स्टीफन्सनं ख्रिस्ताची कथा १६१६ साली राशोलला छापली ती मराठी ओव्यांतच ना? मग तुझ्या मादीनचं एक पत्र चालून जाईल.

तू विचारतेस, रेतीराला तीन दिवस प्रार्थनेत बसून आले, सगळे म्हणाले देवाची तुझ्यासाठी योजना आहे, मग ती मला दिसत का नाही? आणि इंग्लंडच्या त्या वृद्धाश्रमातल्या नोकरीचे कागद तयार आहेत, ते पाचारण म्हणायचं की नुसता पगार?

खरं सांगू? 'योजना' म्हटलं की मला पंचायतीची नळयोजना आठवते. मंजूर झाली असं सगळे सांगतात, कागद कुणी पाहिलेला नसतो, आणि तोवर आपण घागर घेऊन विहिरीवर जातच असतो. देवाची थट्टा करत नाही. पण मी ज्यांना त्याच्या कामी लागलेलं पाहिलं, त्यातल्या कुणाच्या हातात आधी नकाशा नव्हता.

तुझ्या शापायचंच, आजोबांचंच घे. तू त्यांना पाहिलंस ते खाटेवर. मी पाहिले ते फोर्नाच्या भट्टीसमोर, रात्री दोनला, घामानं निथळताना. चारच्या पुढं पाव पाटल्यात भरायचे, वर जाड कापड, सायकलला पाटला बांधायचा आणि भोंपू वाजवत तिस्कावरून विठ्ठलापुराकडं. कुणाला उंडे, कुणाला पोळ्या, कुणाच्या आजाऱ्याला कडक कांकणं. देवळाच्या अंगाला एक म्हातारी एकटी राहायची. आपल्या धर्माची नव्हे. तरुणपणी तिनं पावाला हात लावला नव्हता, कारण तेव्हा पीठ फुगवायला माडाची सूर घालत. म्हातारपणी दात गेले आणि चहात बुडवलेला उंडा तिला गोड लागू लागला. ती खिडकीत पैसे ठेवायची, शापाय पैसे उचलून तिथं उंडा ठेवायचे. बोलणं असं काही नाही.

एके पहाटे खिडकीत कालचा उंडा तसाच होता.

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. हाक मारली, पुन्हा मारली. शेजाऱ्यांना उठवलं, दार उचकटलं. ती चुलीपाशी पडलेली होती, आदल्या दिवसापासून. खाणीकडं निघालेला एक ट्रक थांबवून तिला साखळीच्या इस्पितळात नेलं. मग शापाय परत आले आणि उरलेले पाव वाटले. आम्हाला यातलं काही त्यांनी सांगितलं नाही. कळलं ते लोकांच्या कुरकुरीवरून: आज पोदेर नऊला आला, मुलं उपाशी शाळेत गेली.

आता मला सांग, हा माणूस देवाच्या योजनेत होता की नव्हता? इगर्जीत पाद्रीच्या सर्मांवाच्या वेळी तो हमखास डुलक्या घ्यायचा. मायचा कोपर बसला की जागा व्हायचा.

काल सां जुझे वाझचं फेस्त. नव्या पाद्रीनं चांगलं सांगितलं, पण जास्त सांगितलं ते पावसाच्या चमत्काराचं. दुष्काळ पडलेला, वाझनी प्रार्थना केली आणि पाऊस आला, ते. असेल. मला त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट धरून ठेवते. १६९७ साली सिलोनातल्या कँडी शहरात देवी आल्या. राजा शहर सोडून गेला, ज्यांना परवडलं ते सगळे गेले, आणि घरच्यांनीच आजाऱ्यांना टाकलं. जुझे वाझ आणि त्यांचा भाचा पाद्री जुझे कार्व्हाल्यो मात्र मागं राहिले. ओस पडलेल्या घरांत आजारी गोळा केले, त्यांना भरवलं, धुतलं, मेलेल्यांना पुरलं. त्यातले बहुतेक ख्रिस्ती नव्हतेच. तुझ्या कागदांत 'वैयक्तिक निगा' म्हणून जे काही लिहिलंय ना, ते हेच. मामाला २०१५ साली कोलंबोत पोपनं संत केलं. भाच्याचं नाव आपल्या इगर्जीत किती जणांना माहीत आहे, विचारून बघ.

आणि हा मामा तरी तिथं कसा पोचला? बाणावलीत जन्मलेला, सांकवाळात वाढलेला हा मुलगा. त्या काळी इथल्या पाद्रींना युरोपियनांच्या संघांत घेत नसत. सिलोनात डचांनी कॅथलिक धर्मावर बंदी घातली होती, तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं पाद्री भेटला नव्हता, हे त्यांच्या कानावर आलं. म्हणून ते मजुराच्या वेषात गेले, १६८७ साली. नीट बघ, 'माझं पाचारण काय' हा प्रश्न तिथं पहिला नव्हता. पहिली होती ती बातमी, की अमुक ठिकाणी अमुक लोकांना कुणी नाही. तू तुझ्या प्रश्नात फार राहतेस, बाये. रागावू नकोस, तुझ्या वयात मीही तिथंच राहत होते.

पंडिता रमाबाईंचं तर मी वर्गातच शिकवायची. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवांना शिकवायला. तो बेत पक्का होता, त्यासाठी अमेरिकेत हिंडून पैसा उभा केला होता. सहासात वर्षांत दुष्काळ पडला. स्वतःचे आईबाप त्यांनी दुष्काळातच गमावले होते. उठल्या, मध्य प्रांतात गेल्या, आणि रस्त्यावरच्या शेकडो मुली घेऊन आल्या. या मुली कुठल्या जातीच्या, विधवा की कुमारी, हा हिशोब मागं पडला आणि केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. हातातला बेत चांगला असूनही तो मोडू देण्याचं धैर्य मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा मोठं वाटतं. आपण बहुतेक जण चांगल्या बेताला चिकटून बसतो आणि दारातल्या माणसाला म्हणतो, थांब हं, मी सेवेला निघालेय.

माझंच सांगते. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हाचं. ट्रक दारात उभे, बँकेचा हप्ता चालू, आणि लाल धुळीला शिव्या घालणारे आम्ही ती धूळ परत यावी म्हणून वाट बघणारे. आमच्या काही बायकांनी तांदूळ, डाळ, तेल जमवलं. मी पुढाकार घेतला, घेतलाच म्हणायचा. भर दुपारी, हातात यादी, बरोबर फोटो काढणारा मुलगा. एका ड्रायव्हरच्या दारात पिशवी पुढं केली. त्याची बायको माझीच विद्यार्थिनी. तिनं पिशवी घेतली, फोटोपुरती उभी राहिली, आणि त्यानंतर दोन वर्षं बाजारात मला पाहिलं की गल्ली बदलायची.

शापायनी तीच पिशवी पहाटे ठेवली असती. किंवा ठेवलीही नसती, वहीत उधार लिहिली असती. त्या वहीतली पुष्कळ उधारी कधी फिटली नाही आणि त्यांनी ती कधी फाडलीही नाही. 'उधार आहे तोवर माणूस मान वर करून पाव घेतो,' म्हणायचे. मला हे कळायला पन्नाशी उलटावी लागली.

आता इंग्लंड. जा म्हणत नाही, जाऊ नको म्हणत नाही. पण पगाराची लाज बाळगू नकोस. घरावरचं कर्ज कुणाला चुकलंय? चांगल्या शोमरोन्याची गोष्ट लहानपणापासून ऐकतेस, तिच्यातला खाणावळवाला तुला आठवतो का? शोमरोन्यानं जखमा बांधल्या, रात्रभर जवळ राहिला, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन आपल्या कामाला निघून गेला. पुढचे दिवस त्या जखमीला पाणी कुणी पाजलं, चादर कुणी बदलली? त्या पैसे घेतलेल्या माणसानं. तिथली म्हातारी इंग्रज बाई रात्री तीनला घंटा वाजवील तेव्हा तू उठून जाशील, तुझ्या पाळीची वेळ म्हणून जाशील, आणि कधीतरी चिडूनही जाशील. तेही चालतं. फक्त पाचारण म्हणून फेसबुकवर लिहू नकोस, निदान पहिलं वर्षभर तरी.

एक गोष्ट मात्र मला खटकली. तू सहज लिहिलंस की पणजीत तुझ्या समोरच्या खोलीत एक आजी एकट्या राहतात, मुलगा दुबईत, आणि त्यांचा टीव्ही इतका मोठ्यानं चालतो की तुला प्रार्थनेत मन लावता येत नाही. दीड वर्ष तू तिथं राहतेस. त्यांचं नाव तू लिहिलं नाहीस. बहुधा माहीत नसावं.

व्हिसा यायला अजून महिना तरी आहे म्हणतेस. विचार त्यांना, ऐकू कमी येतं का. साखळीला माझे कान तपासले त्या डॉक्टरचा नंबर तुझ्या भावाकडे आहे, तो पणजीतलाही कुणी सांगेल. येत्या आयतारी घरी ये. फोर्न आता दुसऱ्याला चालवायला दिलाय, पण उंडे अजून लाकडावरच भाजतो. तुझ्यासाठी सहा सांगून ठेवते, त्यांच्यासाठी दोन वेगळे. त्यांना दात आहेत की नाहीत ते कळव, नसले तर पोळ्या सांगते.

तुझी मादीन